ह्यांच्या नंबरची दुर्बीण

मुलानं पाठवलेली नवी दुर्बीण मी रोज सकाळी गच्चीवर नेते. आज, हे गेल्यापासून कपाटातच पडलेली ह्यांची जुनीही नेली. नवीतून समोरच्या टाकीवरची घार पीस न् पीस दिसते. जुनीतून तीच घार पिवळट, कडेला जांभळी रेघ घेतलेली. वजनालाही जुनीच जड. पण तिच्या चामडी पेटीतून कापराचा वास आला आणि मी मनानं नान्नजच्या माळावर जाऊन बसले.

तिथं आम्हा दोघांना एका मेंढपाळानं काठीनं दाखवलं होतं, "त्यो बगा, गवतात. माळढोक हाय."

ह्यांनी पाहिला आणि दुर्बीण मला दिली. मला नुसतं धुकं. आमच्या डोळ्यांचे नंबर वेगळे, त्यामुळे हात बदलला की स्पष्ट दिसण्यासाठी दुर्बिणीची कडी फिरवावी लागायची. मी फिरवेपर्यंत पक्षी गवताआड गेला.

"तुमी परत तुमच्याच डोळ्याला लावून ठिवली," मी चिडले.

ह्यांनी दुर्बीण घेतली, पक्षी पुन्हा शोधला. परत माझ्याकडे दिली असती तर पुन्हा हुकला असता, म्हणून हळू आवाजात सांगत राहिले, "मान वर केली बग. पांढरी हाय. आता चालतोय, लई दमानं."

ऐकून का पक्षी दिसतो, म्हणत घरी येईपर्यंत मी फुगून बसले. आज मात्र तो मला स्वच्छ दिसतो, मानेसकट.

नवी दुर्बीण खरंच चांगली आहे. काल ठेवली तशीच आज डोळ्याला लागली. कडी कुणी फिरवलेली नव्हती.