अपुरी चौथी पट्टी

रविवार, सकाळ. ओझरचं घर. हजर: माझी मोठी बहीण, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, आणि मी. गैरहजर कोणी नाही, कारण येणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

दर रविवारी मी नाशिक रोडहून येते. आठवड्याच्या गोळ्या डबीत लावते, किराणा बघते, डॉक्टरांना फोन करते. या वेळी एक काम जास्त होतं. ताईचं चित्र उद्या टेम्पोने प्रदर्शनाला जायचं होतं.

ताईने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर ब्रश हातात घेतला. हे चित्र निम्मं झालं तेव्हा हात थरथरू लागला. मनगट टेबलावर टेकवून तिने ते संपवलं आणि जाहीर केलं, "यापुढे चित्र नाही."

चित्र तिनेच रचलेल्या एका ओवीचं आहे. त्रिकोणांच्या चार आडव्या पट्ट्या, एका अक्षराला एक त्रिकोण. पहिल्या तीन काठापर्यंत जातात आणि यमकासाठी तिन्हींच्या टोकाला एकच लाल. चौथी मध्येच थांबते, कारण ओवीचा चौथा चरण आखूड असतो. पुढे कोरा कॅनव्हास. त्या कोऱ्या जागेसाठीच सगळं चित्र काढलं, असं ताई म्हणायची.

चित्रावरची चादर काढली तर चौथी पट्टीही काठापर्यंत भरलेली. टोकाला लाल.

दाजी चहा घेऊन दारात उभे. "काल दुपारी ही झोपली तेव्हा बसलो. कारखान्यात विमानांची ड्रॉइंग काढली, त्रिकोण काय चीज आहे! सूतभर फरक दाखव, चहा परत नेतो."

"स्केल लावली असणार," ताई हसून म्हणाली.

"मग! तुझ्यासारखं नुसत्या हाताने मला कुठलं जमायला? तुझं एवढंच राहिलं होतं, म्हटलं करून टाकू." ते बिस्किटं आणायला आत गेले.

"तैलरंग आहे, अजून ओला," मी हळूच म्हटलं. "आत्ता टर्पेंटाइनने निघेल. पुसू?"

ताई चित्राजवळ सरकली. "ठेवलं असतं गं. पण मग ती ओवी राहत नाही. पूस. आधी त्यांना सांग मात्र."

"मी? नवरा तुझा आहे."

"मी बोलायला लागले की ते माझ्या हाताकडे बघतात. पुढचं काही ऐकतच नाहीत."

मी खुर्चीत बसले. ताईच्या तपासणीचा निकाल दाजींना मीच सांगितला होता. त्यांची स्कूटर विकायला लावली तीही मीच.

आता दुपार कलली आहे. ताई झोपली आहे. दाजी हॉलमध्ये चित्राच्या कोपऱ्यांसाठी थर्माकोल कापत बसलेत.

"जाड लावू की पातळ गं?"

"जाड लावा," मी म्हटलं. टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं समोर काढून ठेवलंय. दाजींना सांगायचं अजून राहिलंय.