अनंताच्या कळ्या

परवा बारामतीच्या मंडईत एका टोपलीत अनंताची फुलं दिसली. वास नाकात गेला आणि काही वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, बारामतीला हृदयाचं ऑपरेशन होतं. शेळगावच्या आमच्या पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरचीच्या कडेला त्यांनी अनंताचं झाड लावलं होतं. आधी उघड्यावर लावलेली दोन झाडं उन्हानं करपली होती. याला पहिल्यांदाच कळ्या आल्या होत्या, आणि झाड माझ्यावर सोपवून आबा दवाखान्यात गेले होते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच वीज गेली. फवारे बंद पडले, आतली हवा भट्टीसारखी तापली. मी झाडाभोवती ओली पोती टांगली, पानांवर पाणी शिंपडत राहिले. तरी कळ्या पिवळ्या पडून एकेक गळत होत्या. तेवढ्यात आबांचा तिसऱ्यांदा फोन आला.

“कळ्या हायत का गं?”

शेवटची कळी माझ्या तळहातावर होती. “हायत की आबा. सगळ्या हायत.”

“मग जातो आत,” ते म्हणाले.

मला वाटलं, अशा वेळीही यांना झाडाचीच काळजी. ऑपरेशन नीट झाल्याचा फोन येईपर्यंत मी पोती भिजवत होते.

पंधरा दिवसांनी आबा काठी टेकत पॉलिहाऊसमध्ये आले. झाड हिरवंगार होतं, पण कळी एकही नव्हती.

“खोटं बोललीस व्हय?”

“व्हय आबा,” मी म्हणाले.

“बरं केलंस,” आबा म्हणाले. “कळ्या टिकल्या तर मीबी टिकंन, असं मनात धरलं हुतं. खरं बोलली असतीस, तर मी तितनंच माघारी आलो असतो.”