गोवऱ्यांचे गोल

पांढुर्ण्यात आमच्या घराला चिकटून किराण्याचं दुकान होतं. रस्ता रुंद करायला या उन्हाळ्यात ते पाडलं. धूळ बसली आणि आमच्याच घराची बाजूची भिंत दिसली. दुकान बांधलं तेव्हापासून ती झाकलेली होती. पिवळा ऑइल पेंट, लाल अक्षरात दंतमंजनाची जाहिरात, आणि हसणारी बाई. म्हणजे बाईचे केस अन् डोळे. खाली तोंडाच्या जागी गोल, त्याच्या बाजूला गोल, सगळीकडे थाळीएवढे गोल, तिथला रंग उपटलेला.

लोक गाड्या थांबवून फोटो काढत. एक जण म्हणाला, "भिंतीले चेचक झाली का बुवा?"

ते गोल माझ्या बायकोचे. ती हिवाळ्यात गेली.

आमचं लग्न नवं होतं तेव्हा रंगारी आला. भिंत द्या, मंजनाचे डबे देतो म्हणाला. बापानं दिली. पण ऊन सगळ्यात जास्त त्याच भिंतीवर, गोवऱ्या तिथंच थापायच्या. रंग वाळायची वाट कोण पाहते? दुसऱ्या दिवशी बायको शेणाची पाटी घेऊन गेली आणि पहिली गोवरी त्या बाईच्या तोंडावर मारली.

"काहून वं?"

"तुमच्याकडं पाहून राहिली होती सटवी."

गोवऱ्या वाळल्या, काढल्या, तर मागं पिवळा रंग चिकटून आला. चुलीत घातल्या तर भाकरीला पेंटचा वास. आई ओरडली, "रंग चारून मारतं का बाई आम्हाले?" बायको पदर तोंडात कोंबून हसत बसली.

गोल जिथं संपतात तिथंवर तिचा हात पोचे. सगळ्यात वरचा तिनं चवड्यावर उभं राहून थापला असन. तो वाकडा आहे. घरात तिचा फोटो लावला आहे, आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात ती दिसत नाही, कोणी आजारी म्हातारी दिसते. म्हणून मी खुर्ची टाकून भिंतीसमोरच बसत होतो.

पोरगा म्हणाला, "बाबा, पलस्तर करा लागते." मी नाही म्हटलं. सून बोलली, तिलाही नाही म्हटलं.

मग अवकाळी पाऊस आला आणि आतल्या खोलीत ओल फुटली. तिथं नात झोपते. तिला दमा आहे, त्या रात्री छाती वाजू लागली. बायको दम्यानंच गेली, तो आवाज मला ओळखू येते. सकाळी मीच मिस्त्रीला बोलावून आणलं.

त्यानं भिंतीवरून हात फिरवला. "रंग आहे तिथून पाणी नाही शिरत, बाबाजी. या गोलांतूनच शिरून राहिलं."

"वरचा एक सोडता येते का?"

"सोडतो न. पण मग बाकीचं कायले करता?"

जुन्या भिंतीवर पलस्तर धरावं म्हणून आधी छिन्नीनं टाचे मारतात. तो खालून वर मारत गेला. गोल एकेक करून चुऱ्यात गेले. वरच्या गोलापाशी आला तेव्हा मी उठलो आणि त्यावर हात ठेवला. माझा हात सहज पोचला. इतकीच होती ती.

"हात काढा बाबाजी, लागन."

काढला.