भुताची अक्षरं

भोरच्या एसटी स्टँडबाहेर एक बाई हातानं रंगवलेली लेबलं विकायला बसते. वह्यांवरची नावं ती फुलापानांत काढते. तणनाशकाच्या बाटलीसाठी ‘विष’ लिहायचं असलं, की मात्र तिची अक्षरं भुताची होतात. काळी, नखं वाढलेली, लाल थेंब गाळणारी. थेंब ओढताना तिचे स्वतःचेच डोळे मोठे होतात.

“एवढं भेसूर कशाला?” मी विचारलं.

“वाचता येतंय त्याला साधंबी चालंल, दादा. ज्याला येत न्हाई, त्यालाबी कळाया पाहिजे.”

घरी येऊन मी तिच्याकडून घेतलेलं ‘विष’चं लेबल तणनाशकाच्या बाटलीवर चिकटवलं. माझी आई कधी शाळेत गेली नाही. संध्याकाळी तेलाची समजून तिनं तीच बाटली धरली आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

“हे कसलं इख ठेवलंस रं हितं?”