फुरशापुढे अनवाणी

लालबागच्या चिवडा गल्लीमागे एक जुनी चाळ आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर प्रत्येकाच्या दारासमोर तुळस, कोरफड, फार तर मिरचीचं एखादं रोप. परबांच्या दारासमोर मात्र दगड. वरून सगळे सारखेच काळे. पण उचलून उलटा केला की पोटात पांढऱ्या, गुलाबी, कधी मधाच्या रंगाच्या स्फटिकांचा झुपका दिसायचा.

"आईबापानं नाव ठेवलं तेव्हाच समजायला हवं होतं," शेजारच्या जाईबाई येताजाता ऐकवायच्या. "धोंडू धोंडेच आणणार. नशीब समज कमळे, नागेश ठेवलं नाही ते."

सगळी गॅलरी हसायची. परबांच्या बायको कमलाबाई तेवढ्या हसायच्या नाहीत.

धोंडू परब साठीला टेकले होते. दादरच्या एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून ते भिंगांच्या कडा घासायचे आणि फ्रेममध्ये बसवायचे. आता बरंचसं काम यंत्रावर होतं, पण जाड नंबराची, अडनिड्या फ्रेमची भिंगं अजून त्यांच्याच हातात यायची. डोळ्याला लावायचं एक छोटं भिंग शर्टाच्या खिशात कायम असे. घरी मासा आणला तरी त्याचे खवले ते आधी भिंगातून बघत आणि मग कमलाबाईंच्या हवाली करत.

दगडांचा नाद लागला तो गिरणीमुळे. खरं तर गिरणी गेल्यामुळे. घराजवळच्या एका बंद गिरणीच्या जागेवर टॉवरचा पाया खणत होते. डंपरमधून एक दगड रस्त्यावर पडला आणि फुटला. आत काहीतरी चमकलं. परबांनी तो उचलला, दुकानात नेला, भिंगाखाली धरला. आत पांढऱ्या पाकळ्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या, कुणी पंखा अर्धा उघडावा तशा. मीठ असेल म्हणून त्यांनी जीभ लावून पाहिली. खारट नव्हतं. मग काय होतं?

उत्तर मिळालं ते माया जाधवकडून. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली ही मुलगी इमारतींच्या पायासाठी माती आणि खडक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. चष्म्याची दांडी बदलायला आली आणि दांडी विसरून परबांच्या टेबलावरच्या दगडाकडेच बघत राहिली.

"काका, हा स्टिल्बाइटचा स्फटिक. कुठे मिळाला?"

"रस्त्यात. मी मीठ समजून चाटून बघितला."

"चव कशी होती?" तिने अगदी गंभीरपणे विचारलं. तिथेच त्यांची मैत्री जमली.

सह्याद्रीचा हा सगळा काळा दगड एके काळी वाहता लाव्हा होता, थंड होताना त्यात बुडबुडे अडकले, मग त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक वाढले, हे मायाने त्यांना सांगितलं. परबांना ते इतकं आवडलं की पुढे कितीतरी दिवस ते गिऱ्हाइकांना भिंग देताना बुडबुड्यांची गोष्टही देत होते. मग दोघं रविवारी बाहेर पडू लागली. कल्याणपर्यंत गाडी, पुढे एसटी. नवी विहीर खणली असेल, रस्त्यासाठी डोंगर कापला असेल, तिथल्या माणसांना विचारून ढिगारा चाळायचा. सोबत छिन्नी, हातोडा, काठी, छोटा आरसा आणि भाकरी.

आता, दगड उलटे करणाऱ्याला साप भेटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मायाने पहिल्याच दिवशी नियम घातला होता: आधी काठी, मग डोळा, मग हात. काठीने दगड हलवला की कधी विंचू निघायचा, कधी गोम. विहिरीच्या भरावातून दिवड डोकं वर काढून बघायचा. एकदा एक धामण त्यांच्या भाकरीच्या फडक्यावरून, जणू आपलीच वाट असल्यासारखी, निवांत निघून गेली. परब घाबरायचे, पण पाय मागे घेऊन उभे राहायचे आणि बघत राहायचे. जीभ बाहेर येते तेव्हा तोंड उघडत कसं नाही? पापणी नाही तर डोळ्यात धूळ जात नाही का? माया सांगायची, की डोळ्यावर काचेसारखा एक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघतो. भिंगवाल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल! साप दर खेपेला डोळ्याची काच बदलतो म्हणजे.

घरी येऊन ते हे सगळं कमलाबाईंना सांगायचे. त्या भाकरी थापत ऐकायच्या. एके दिवशी त्यांनी हात थांबवले.

"फुरसां दिसला खय?"

"नाय गो. अजून नाय."

"दिसला तर हातोडो माळ्यार. कायमचो. कबूल?"

परबांनी मान हलवली. त्यांना कारण ठाऊक होतं. कमलाबाईंचा थोरला भाऊ मनू गावी कातळावर फुरसं चावून गेला होता. वडील मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात, आई शेतात, आणि कातळावर दोन पोरं अनवाणी करवंदं शोधत होती. त्यानंतर वडिलांनी सगळ्यांना मुंबईला आणलं. एवढंच परबांना माहीत होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, कमलाबाई त्यापुढे कधी बोलल्या नव्हत्या. तेव्हा इतर साप चालतील, फुरसं दिसलं की रविवार संपले, असा करार झाला.

तो रविवार दिवाळीनंतरचा. मुरबाडच्या पुढे एका वाडीसाठी नवा रस्ता काढत होते. कापलेल्या डोंगराच्या अंगात, कमरेच्या उंचीवर, परबांना एक पोकळी दिसली. त्यांनी आरशाने ऊन आत टाकलं. आत हिरवं होतं. काचेच्या बाटलीचा हिरवा नव्हे. कोवळ्या केळीच्या पानातून ऊन यावं तसा.

"माया, गो बाय, हय ये!"

माया धावत आली, वाकली आणि हळूच म्हणाली, "अपोफिलाइट. हिरवा. काका, असा मी फक्त फोटोत पाहिलाय."

इतके रविवार परब अशाच एखाद्या दगडाची वाट बघत होते. त्यांनी काठी पुढे केली, आणि काठीला काहीतरी अडकलं. पोकळीच्या तोंडाशी, दगडांत गुंतलेली लांबलचक कात होती. कोरडी, पारदर्शक, वाऱ्याने हलणारी.

पुढचं जे झालं ते परबांनी ठरवून केलं नाही. वाकून त्यांनी बुटांचे बंद सोडले, बूट काढले, मोजे काढले, बाजूला नीट जोडून ठेवले आणि हात जोडले. त्यांच्या गावी प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो कधी सापाच्या रूपाने दिसतो. त्याच्या जागेत शिरायचं तर पायताण काढायचं आणि गाऱ्हाणं घालायचं. आईने हे शिकवलं तेव्हा ते जेमतेम चालायला लागले असतील.

"बा देवा म्हाराजा," परब सुरू झाले, "हय जो कोण राखणदार आसात, तेच्या पायाकडे सांगणा करतंय. तुझी लेकरां तुझ्या दारात इली आसत. काय चुकला-माकला तर पदरात घे..."

"काका," मायाने मध्येच हाक मारली. तिचा आवाज बदलला होता. "पाय हलवू नका. अजिबात हलवू नका."

तेव्हा त्यांना आवाज ऐकू आला. खरं तर तो मघापासून येत होता, पण त्यांना तो इतका ओळखीचा होता की जाणवलाच नाही. पाणी न घालता कोरड्या चाकावर काच टेकवली की होतो तसा. खर्रर्र, खर्रर्र. त्यांनी नुसते डोळे खाली वळवले.

उजव्या पायापासून हातभर अंतरावर, मातीच्याच रंगाचं एक वेटोळं होतं. वेटोळं जागच्या जागी सरकत होतं, अंगावर अंग घासत होतं, आणि आवाज त्या घासण्यातून येत होता. डोकं मधोमध, वर उचललेलं. डोक्यावर बाणासारखी पांढरी खूण.

फुरसं.

आपल्या पायाची बोटं केवढी गोरी आणि केवढी उघडी दिसतात, असं परबांना वाटून गेलं. मग कमलाबाईंचा माळा आठवला. आणि तरी, खोटं कशाला सांगायचं, ते बघत होते. आवाज तोंडातून येत नाही, हे त्यांना आज कळत होतं. ह्याच्या खवल्यांना धार असली पाहिजे. करवतीसारखी. कशी बसवली असेल ती?

माया पुतळा झाली होती. वर एक घार फिरून गेली. बऱ्याच वेळाने खर्रर्र मंदावलं, वेटोळं सैल झालं, आणि ते जनावर अंग तिरपं टाकत, आडवंच सरकत, दगडांच्या ढिगाखाली गेलं. त्याआधी मायाने एक फोटो घेतला होता. कधी, ते परबांना कळलंही नाही.

तिने काठीने बूट ओढले, उलटे करून आपटले आणि पुढे सरकवले. "घाला आधी."

रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन दोघं मटकन खाली बसली. काठीला अजून कात लोंबत होती. मायाने ती अंथरली. ती परबांच्याही उंचीपेक्षा लांब भरली. परबांनी भिंग लावलं. खवले जवळजवळ गुळगुळीत होते. धार कुठेच नव्हती.

"ही धामणीची," माया म्हणाली. "तुम्ही बूट काढलेत एकीसाठी, आणि दर्शन दिलं दुसऱ्याने."

परब कसंनुसं हसले. "आमच्यात रीत आसा गो. आपसूक हात गेलो."

"रीत असेल काका. माझ्या पणजोबांना गावात चपला हातात घेऊन चालावं लागायचं, तीपण रीतच होती." तिने आपल्या बुटावरची धूळ झटकली. "मी बूट कुणासमोर काढत नाही. राखणदार असू दे, नाहीतर त्याचा साहेब."

परबांनी आपले बंद पुन्हा एकदा आवळले. पोकळीकडे मग कुणीच गेलं नाही. काठी आणि डोळा झाले होते, पण हात घालायची जागा नव्हती ती. हिरवं जिथल्या तिथे राहिलं.

परतताना एसटीत मायाने विचारलं, "काकूंना सांगणार?"

"सांगितला तर रविवार गेले."

"आणि नाही सांगितलं तर?"



घरी संध्याकाळी कमलाबाई खाली बसून बांगडे साफ करत होत्या. न सांगायचं हे परबांनी पक्कं केलं होतं. चहा घेतला, पेपर उलटला. पण डोक्यात तो आवाज बसला होता, आणि त्याबद्दल विचारावं असं माणूस सगळ्या लालबागात एकच होतं. शेवटी त्यांनी पॉलिश पेपरचे दोन तुकडे घेतले आणि एकमेकांवर घासले.

"कमळ, असोच आवाज होतो काय गो?"

कमलाबाईंची सुरी थांबली.

"नाय," त्या म्हणाल्या. "तव्यार तांदूळ भाजतत ना, तसो. माका वाटला, खयतरी चूल पेटली आसा. मी मनूक म्हटलंय, बघ रे, कोण भाजता ता. तो बघूक गेलो."

एवढ्या वर्षांत हे परबांनी पहिल्यांदा ऐकलं.

मग कमलाबाईंनी मान वर केली. "म्हणजे दिसला."

"दिसला."

"पायात बूट होते ना?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. परबांनी जोडून ठेवलेल्या बुटांकडे बघितलं. "काढलेले. राखणदार म्हणून..."

"कित्याक काढलात?" कमलाबाई अशा ओरडल्या की जाईबाईंनी आपला टीव्ही बारीक केला. "फुरसां आसतलाच! रानात आसतला नाय तर काय माळ्यार आसतला? पण बूट कित्याक काढलात? मनूच्या पायात नव्हते. तुमच्या पायात होते आणि तुमी काढलात!"

हातोडा त्याच संध्याकाळी माळ्यावर गेला. परबांनी तो स्वतःच ठेवला.

आठवड्याच्या मधल्या एका वारी माया आली. कमलाबाईंनी तिला चहा दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "फोटो काढलंस म्हणे. दाखव."

मायाने परबांकडे पाहिलं, मग मोबाईल पुढे केला. कमलाबाईंनी चष्मा लावला. फोटो मोठा कसा करायचा ते विचारून घेतलं, आणि बोटांनी तो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. शेजारी कोपऱ्यात परबांच्या पायाचा अंगठा आला होता. त्या एकदा अंगठ्याकडे बघायच्या, एकदा वेटोळ्याकडे.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या. "मी तेव्हा बघलंयच नाय. पळालंय. माका वाटायचा, दोरखंडासारखा आसतला." मग भिंगासाठी त्यांनी परबांच्या खिशाकडे हात केला. "डोक्यार ह्या काय? बाण?"

"बाणच," परब म्हणाले. ते पुढे सरकले होते. "आणि आवाज तोंडातना नाय येत गो. खवले घासता."

"कसे घासता?"

माया सांगू लागली. चहा तिघांचाही गार झाला.

रविवारी सकाळी परब सवयीने लवकर उठले आणि काही काम नाही म्हणून कॉटवर बसून राहिले. तेवढ्यात माळ्यावर खडखडलं. कमलाबाई स्टुलावरून उतरल्या. हातोडा त्यांनी पिशवीत टाकला, बूट आणून समोर ठेवले. "घाला."

परबांनी घातले. कमलाबाई उंबऱ्यात खाली बसल्या, दोन्ही बंद खेचले आणि बोटांवर काहीतरी असं भराभर फिरवलं की परबांना दिसलंच नाही. ही कमलाबाईंच्या वडिलांची गाठ. गिरणीत साच्यावर तुटलेला धागा जोडायची. ताण बसेल तशी आवळत जाते.

"आता काढून दाखवा. देव येव नाय तर राखणदार."

परबांनी ओढून पाहिलं. गाठ आणखी घट्ट झाली. "आणि घरी आल्यावर कसा काढू?"

"घरी कात्री आसा," कमलाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या बुटाकडे वळल्या.