उलट्या मटक्याभोवती

लंबी रोटी करणाऱ्या बायांकडे किस्से फार साठतात. कारण साधं आहे, कोपरापर्यंत हात कणकेत! मोबाइल पाहता येत नाही, नाक खाजवता येत नाही. तोंड तेवढं मोकळं. मग काय, सुरू!

आम्ही पाच जणी नागपुरात लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेतो. बुकिंगचे फोन मी घेते, म्हणून मी 'मॅनेजर'. शेवंतामावशी सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात आगाऊ. सुनंदा सगळ्यात लहान, पण तिची रोटी इतकी पातळ की पलीकडचा माणूस ओळखू यावा. बाकी दोघी गरीब, त्या फक्त हसतात.

*

सैल कणकेचा गोळा हातावर झेलत झेलत मोठा करायचा आणि चुलीवरच्या उलट्या मटक्यावर टाकायचा, हे आमचं काम. पाहायला गर्दी होतेच. एकदा पुण्याचे पाहुणे बराच वेळ उभे राहिले. शेवटी विचारलं, "मावशी, हा मटका उलटा का ठेवलाय?"

"सुलटा ठेवला तं पाणी भरा लागन न जी!"

पाहुण्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि बायकोला समजावून सांगायला गेले.

*

मावशीचा खांदा धरला म्हणून तिला धंतोलीत हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, फार गोड बोलणारे. म्हणाले, "मावशी, आता काही दिवस हात उचलायचा नाही हं."

मावशी म्हणाली, "हे माह्या नवऱ्याले तरुणपणी कोणी सांगतलं असतं तं लई पुण्य लागलं असतं जी!"

डॉक्टर हसायला लागले आणि मध्येच थांबले. आम्ही मात्र पोट धरून हसलो. आम्हाला मध्येच थांबायची सवय नाही.

*

महिला दिनाला एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. 'कष्टकरी भगिनींचा सत्कार.' आम्हाला बोलावणं! नवीन लुगडी-साड्या नेसून गेलो, तर दारातच मॅडम म्हणाल्या, "सत्कार शेवटी आहे. तोवर मागे चुली मांडून ठेवल्यात. तुमच्याच हातची रोटी जेवणात ठेवलीये, सरप्राइज!"

समोर भाषण चालू होतं, बाईला कामातून विसावा मिळाला पाहिजे. मागे आम्ही धूर खात होतो. शेवटी मॅडम शाली घेऊन चुलीपाशीच आल्या. हात कणकेचे, म्हणून शाली आमच्या खांद्यावर नुसत्या टाकल्या आणि फोटो काढला.

मावशी म्हणाली, "पुढच्या वर्षी महिला दिन आम्हालेही द्या जी, एखादवेळ!"

*

कामाला बसायच्या आधी आम्ही बांगड्या काढतो. सगळ्यांच्या एकाच डब्यात. सुनंदाचा नवरा गजू यावरून कायम चिडायचा. "मी जित्ता असून हात बोडके करते?"

"बांगडी रोटीत गेली तं लोक मले जित्ती ठेवतीन का?" सुनंदा म्हणायची.

पण उघड्या हाताची एक पंचाईत आहे, काही झाकता येत नाही. एकदा तिच्या मनगटावर, बांगड्यांच्या जागी, काळंनिळं दिसलं. आम्ही पाहिलं तशी ती घाईनं म्हणाली, "मटका लागला."

मावशी कणीक आपटत म्हणाली, "मटक्याले बोटं कधीपासून फुटले वं?"

त्या दिवशी कोणी हसलं नाही. मला तर रडूच आलं, आणि डोळे पुसायला हात नव्हता. मग सुनंदानं सांगितलं, गजूला तिचं काम बंद करायचं होतं. तिची पोरगी नर्सिंग शिकत होती, ती फी सगळी रोटीतून जायची. काम सुटलं की पोरगीही घरी बसणार.

*

आता कोराडीचा किस्सा. सुनंदा तो फार आटोपता सांगते, म्हणून मीच सांगते.

दुपारचं रिसेप्शन होतं. मंडप छोटा, सावजी मटणाचा वास सुटलेला, ताटं हातात घेऊन माणसं आमच्यासमोर रांगेत उभी. डीजेवालासुद्धा वाजवणं सोडून रांगेत! तेवढ्यात गजू आला आणि त्यानं सुनंदाचं मनगट धरलं.

"चाल घरी. आजपासून बंद."

मावशीनं हातातला गोळा परातीत ठेवला. मग मी ठेवला. मग बाकी दोघींनी. आमचं काही ठरलेलं नव्हतं. मटके नुसतेच तापत राहिले.

नवऱ्या मुलाचे मोठे काका ताट घेऊन पुढे आले. "काहून वं, रोटी काहून थांबवली?"

"आम्ही नाही थांबवली जी," मावशी म्हणाली. "या भाऊनं थांबवली. याले विचारा."

काकांनी गजूकडे पाहिलं. मग सगळ्या रांगेनं पाहिलं. रस्सा थंड होत होता!

"सोड गा हात," काका म्हणाले.

गजूनं सोडला. काका सुनंदाला म्हणाले, "सोडला पोरी त्यानं. टाक आता रोटी."

सुनंदानं रोटी टाकली नाही. ती गजूकडे पाहत म्हणाली, "पुन्हा हात लावशीन?"

गजू खाली पाहून पुटपुटला, "नाही लावत."

तेवढ्यात स्टेजवरून नवरी शेजारच्या नवरदेवाकडे बोट दाखवत ओरडली, "ओ भाऊ, जरा जोऱ्यानं बोला! आमच्या यायले ऐकू नाही आलं!"