‘अजून काय घेता?’

दवाखाना चालवला की औषधांइतकेच किस्सेही साठतात. फक्त त्यांना एक्सपायरी नसते! वडूजमध्ये मी औषध देण्याआधी प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारतेच, “अजून काय घेता?” उत्तर ठरलेलं, “काय न्हाई.” यावर मी मुळीच विश्वास ठेवत नाही.

*

निवृत्त सुभेदारांचंही तेच उत्तर. शेजारून बायको म्हणाली, “आवं, आन् तो पावडरीचा डबा?”

पुतण्याची जिमची प्रोटीन पावडर! सकाळ-संध्याकाळ, वाटीभर!

सुभेदार कडाडले, “ते औषध न्हाई, रेशन हाय!”

मी आधी त्यांची किडनीची तपासणी केली. मग रेशन बदललं. अंडी आणि मटकीची उसळ!

*

बापू हाडं दुखतात म्हणून आले. मेंढरं सोडून आता म्हशी पाळतात. चौकशीत कळलं, म्हशीचं कॅल्शियम पितात!

“म्हशीला लागू पडलं, मला का न्हाई पडायचं?”

“किती पिता?”

“म्हशीच्या निम्मं. मी काय येडा हाय का?”

*

गुरुजींना अशक्तपणा आला होता. मोबाईलवर वाचून ते पहाटे मेथीचं पाणी, मग कारल्याचा रस, मग दुधीचा रस घ्यायचे.

“आणि जेवता कधी?”

“मॅडम, भूक कुठं राहते?”

*

कमळाबाई सातव्या महिन्यातल्या सुनेला, शीतलला घेऊन आल्या. मागच्या वेळी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या, तरी हिमोग्लोबिन आणखी खाली! एवढ्या रक्तावर बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ.

“गोळ्या घेतेस ना?”

कमळाबाईच कौतुकानं म्हणाल्या, “लय गुणाची हाय. मला बी गुडघ्याच्या गोळ्या देती. तांबड्या. चक्कर बी ग्येली बगा!”

“बघू त्या गोळ्या.”

पिशवीतून पाकीट निघालं. मीच शीतलला दिलेलं!

शीतल रडायलाच लागली. “आत्याबाई रानात भांगलताना चक्कर यून पडल्या. दवाखान्यात चला म्हणलं तर ऐकत न्हाईत. मग माझ्याच गोळ्या गुडघ्याच्या म्हणून दिल्या. काय करू?”

“अगं, पोटात बाळ आहे तुझ्या!” मी चांगलीच चिडले.

कमळाबाईंनी बांगड्या वर सारल्या आणि हात माझ्या टेबलावर ठेवला.

“मॅडम, माझं रगात काडा आन् हिला घाला. तिचंच हाय ते!”